घेणाऱ्याचा नकार

१

टपाल कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे गेली अठरा वर्षं एकच बाई बसत होती. कचेरीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. लोक पावत्या घेऊन यायचे, काचेला नाक लावून उभे राहायचे आणि तेच विचारायचे: आमचं पार्सल कुठं पोहोचलं?

चौकशीबाई पावतीवरचा नंबर घालायची आणि पडद्यावर उमटेल ते वाचून दाखवायची. स्वीकारले. रवाना. पोहोचले. वाटपासाठी बाहेर. या चार शब्दांवर तिची नोकरी उभी होती. पण कोणत्या शब्दामागे खरं काय घडलंय, हे तिला आता वासावरून कळायचं. ‘घर बंद’ म्हणजे लिफ्ट बंद. ‘पत्ता अपुरा’ म्हणजे कुत्रा मोठा. एका आजोबांना तिने हे सांगूनही टाकलं होतं, तेव्हा ते म्हणाले, “अहो, कुत्रा आमचाच आहे, पण चावत नाही.” त्यावर ती म्हणाली, “हे पोस्टमनला कुत्र्यानं सांगायला हवं.”

त्या मंगळवारी मात्र ती लोकांच्या पावत्यांमधून वेळ काढून एक नंबर पुन्हा पुन्हा बघत होती. आईच्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन परत येत होतं. महिनाभर आईला अजिबात ऐकू येत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माणूस हातभर अंतरावर आलं तरी त्याचा आकारच दिसायचा. मायलेकींचं बोलणं चालायचं ते पाटीवर. चौकशीबाई खडूने मोठ्ठी अक्षरं काढायची, आई पाटी डोळ्यांशी धरून वाचायची आणि तोंडाने उत्तर द्यायची. दिवसभर दमून आलेल्या माणसाला पाटीवर बोलायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. महिनाभरात त्यांचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘गोळी घे’ एवढ्यावर आलं होतं.

बारा वाजता पडद्यावर आलं: वाटपासाठी बाहेर. तिचा जीव भांड्यात पडला. मशीन दारात आलं की आईला कळावं म्हणून तिने बेलला जोडून एक लाल दिवा बसवून घेतला होता, थेट आईच्या खुर्चीसमोर. तो मात्र आईला दिसायचा.

एक वाजता तिने पुन्हा नंबर घातला.

‘१२.४०. घेणाऱ्याने नकार दिला.’

तिने तो शेरा दोनदा वाचला. घर बंद असतं, तर तिला आश्चर्य वाटलं नसतं. पण नकार द्यायला दारात कोणीतरी यावं लागतं.

२

“आई, आले गं,” दार उघडता उघडता ती म्हणाली. आईला ऐकू येत नाही हे माहीत असूनही तोंडून हे निघायचंच.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. चौकशीबाईने कचेरीचा राखाडी कोट न काढताच पाटी घेतली. ‘पोस्टमन आला होता?’

आईने पाटी डोळ्यांशी नेली. “कोण येणार? तूच आलीस तेवढी.”

‘मी आत्ता आले.’

“आत्ताचं नाही गं. दुपारी आलीस ती.”

झोपेत काहीतरी पाहिलं असणार. एकटं बसून बसून म्हातारं माणूस दिवास्वप्नं बघायला लागतं, हे तिने कुठंतरी वाचलं होतं. ती आईच्या मागून स्वयंपाकघराकडे वळली आणि तिथेच थांबली.

आईची वेणी घातलेली होती.

घट्ट, तीन पेडांची, शेवटी नीट गाठ मारलेली. सकाळी चौकशीबाईला उशीर झाला होता. आईचे केस तिने नुसते मागे सारून एक पिन लावली होती. आणि आईचे खांदे दोन वर्षांपासून आखडलेले होते. तिचे हात कानाच्या वर जात नसत.

‘वेणी कोणी घातली?’

आई हसली. “हे काय, आपणच करायचं आणि आपणच विचारायचं.”

शेजारची असेल, तिने मनाशी म्हटलं. शेजारी एक शाळामास्तरीण राहायची, तिच्याकडे एक जादा किल्ली होती. मग तिला आठवलं, शाळामास्तरीण मुलांची सहल घेऊन गेली होती, रविवारी यायची होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घराजवळच्या शाखेत फोन लावला. त्या भागात टपाल वाटायचे ते काटेकाका. घड्याळाच्या काट्यासारखे वेळेवर, म्हणून हे नाव. खोटा शेरा मारणारा हा माणूस नव्हे. सात मजले चढून जाणारा होता तो.

“काका, काल माझ्या आईचं पार्सल होतं. नकार कोणी दिला?”

“कोणी म्हणजे? तुम्हीच दिलात की, ताई.”

“मी? मी काल दिवसभर खिडकीत होते.”

काटेकाका हसले. “मग तुमची जुळी बहीण असेल. राखाडी कोट, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. म्हटलं, जेवायला घरी आल्या असतील.”

“मी काय म्हणाले?”

“काही बोललाच नाहीत. दार एवढंसं उघडलंत, अर्धा चेहरा बाहेर. मी म्हटलं, आईचं मशीन आलंय, सही करा. तर तुम्ही नुसती मान हलवलीत. मी म्हटलं, आईंच्या हातात देऊ का? तर ओठांवर बोट ठेवलंत. मला वाटलं, आई झोपल्यात. मग पार्सलकडे बघून पुन्हा मान हलवलीत आणि दार लावून घेतलंत. खरं सांगू का, जरा रागच आला मला. आपल्याच खात्यातल्या बाईनं असं करावं? आणि ते ओळखपत्रही उलटं घातलं होतंत. कोरी बाजू वर.”

तिने नकळत आपल्या गळ्याला हात लावला. ओळखपत्र सुलट होतं.

“काका, पार्सल शाखेत ठेवा. मी येऊन नेते.”

“ते कालच परतीच्या थैलीत गेलं, ताई.”

तिने पडद्यावर नंबर घातला. पार्सल परतीच्या वाटेवर शंभर मैल गेलं होतं. ते वळवायची सूचना तिने तिथल्या तिथे टाकली. उत्तर आलं: सोमवारी पोहोचेल.

संध्याकाळी घरी जाताना ती कुलूपवाल्याला सोबत घेऊनच गेली. जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं. किल्ल्या दोन, दोन्ही तिच्याकडे. कुलूपवाला म्हणाला, “चोरी झाली का?” ती म्हणाली, “नाही. व्हायच्या आत.”

आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. “दुपारी भरवलंस की पोटभर,” म्हणाली. तिच्या हातांची नखं कापलेली होती.

४

इमारतीच्या तळाशी एक शिंपी बसायचा. त्याचं मशीन नेमकं जिन्याच्या तोंडाशी होतं, त्यामुळे वर जाणारी मांजरसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे. गुरुवारी संध्याकाळी चौकशीबाईने त्याला गाठलं.

“दुपारी आमच्याकडे कोण येतं?”

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “कोणी नाही. तुम्ही सकाळी जाता, संध्याकाळी येता. मधे मंगळवारी पोस्टमन वर गेला आणि आला तसा खाली उतरला. बस.”

“आज? काल?”

“कोणी नाही, ताई. मी जेवतोसुद्धा इथंच. पैज लावा.”

ऐकून तिला हायसं वाटलं. जिना चढताना ती जवळजवळ हसली. कोणी येत नाही. आईला भास होतात आणि काटेकाकांचं वय झालंय, दुसऱ्याच दारात उभे राहिले असतील. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ते हसू विरलं. वेणी कोणीतरी घातली होती. नखं कोणीतरी कापली होती. आणि वर कोणी चढलं नव्हतं, याचा अर्थ जे काही होतं, त्याला जिना चढायची गरजच नव्हती.

आज आईच्या अंगावर धुतलेला गाऊन होता. सकाळी दोरीवर होता तो.

आईच्या पायाशी बसून तिने पाटीवर लिहिलं. खडू दोनदा मोडला. ‘दुपारी मी कुठून येते?’

“कुठून म्हणजे?” आई म्हणाली. “तुझ्या खोलीतून. झोपून उठल्यासारखी येतेस.”

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथे तिचा पलंग, कपाट, खिडकीला जाळी. रोज रात्री ती तिथेच झोपत होती.

“एक सांगू?” आई म्हणाली. हात पुढे करून तिने चाचपडत लेकीचा गाल शोधला. “रागावू नकोस. पण दुपारची तू मला फार आवडतेस. घाई नसते तुला तेव्हा. हात धरून बसतेस. कितीतरी वेळ. पाटीसुद्धा घेत नाहीस.”

चौकशीबाईला भीती वाटली, आणि भीतीच्या आत आणखी काहीतरी टोचलं. आईचा हात धरून आपण शेवटचं कधी बसलो होतो, हे तिला आठवेना.

मग तिने उठून आतल्या खोलीतला दिवा लावला. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, कोट बाजूला केले. काही नव्हतं. फक्त पलंगावरची चादर, जी तिने सकाळी ताठ ओढून घातली होती, तिच्यावर मधोमध माणसाएवढा खोलगट ठसा होता. तिने हात ठेवून पाहिला. ठसा थंड होता.

त्या रात्री ती आईच्या खोलीत जमिनीवर झोपली.

५

शुक्रवारी तिने रजा टाकली. सकाळपासून आईच्या समोर खुर्ची टाकून बसली, आतल्या दारावर नजर ठेवून. बारा वाजले. बारा चाळीस झाले. एक वाजला. पाण्याच्या टाकीचा आवाज, खाली शिंप्याचं मशीन, बाकी काही नाही.

आईच मधूनमधून आतल्या दाराकडे मान वळवत होती. शेवटी हात पुढे करून तिने लेकीचे ओठ चाचपले. “आज काय झालंय तुला? सारखं तोंड हलतंय. दुपारी तू कधी बोलत नाहीस.”

चौकशीबाई खरंच स्वतःशी पुटपुटत होती. तिने तोंड मिटलं.

शनिवार-रविवारही ती घरीच होती. घरात काही हललं नाही. आणि माणसाचं मन असं की तीन दिवस काही झालं नाही की त्याआधीचंही झालं नसेल असं वाटायला लागतं. तिने हिशेब जुळवून टाकला: आईचं डोकं थोडं सरकलंय, काटेकाकांची नजर अधू झालीय, आणि वेणी आपणच घातली, घाईत विसरलो. सगळ्याला उपाय एकच. मशीन आलं की आईला ऐकू येईल, आई जागेवर येईल.

सोमवारी सकाळी मोबाईलच्या पडद्यावर दिसलं: शाखेत पोहोचले. तिने कचेरीला अर्ध्या दिवसाची रजा कळवली. पार्सल घरच्या माणसालाच, ओळखपत्र बघून मिळणार होतं, त्यामुळे जाणं भाग होतं. तासाभराचं काम. निघताना तिने शिंप्याला बजावलं, “वर लक्ष ठेवा.” त्याआधी आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. कडी घालताना स्वतःचीच तिला लाज वाटली.

शाखेत रांग होती. शिक्का मारणारा चहाला गेला होता. ती उभ्याउभ्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. हातात डबा पडला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. एवढासा पुठ्ठ्याचा डबा, त्यावर मागच्या मंगळवारचा निळा शिक्का: नकार.

शिंपी तिला बघून नुसता मान हलवून ‘कोणी नाही’ म्हणाला. ती दोन दोन पायऱ्या चढली. किल्ली नव्या कुलपात फिरली. दार उघडलं तेव्हा ती ‘आई, आले गं’ म्हणाली नाही.

मधल्या बोळातून बैठकीच्या खोलीचा एक पट्टा दिसत होता. आईची पाठमोरी खुर्ची, खिडकीतलं ऊन, आणि आईचे मोकळे सोडलेले पांढरे केस. त्या केसांत दोन हात चालले होते. राखाडी बाह्या मनगटापर्यंत. हात सावकाश, मायेने, एकेक पेड उचलत होते. उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता. तो डाग चौकशीबाईच्या हातावर सातवीत असल्यापासून होता. हातांच्या वरचं सगळं दाराच्या चौकटीआड होतं.

तिच्या हातून किल्ल्या पडल्या.

हात थांबले. पेड तसाच धरून थांबले. मग त्यांनी तो हळूच आईच्या खांद्यावर ठेवला, आणि ते चौकटीच्या आत सरकून गेले. पावलांचा आवाज आला नाही. आतल्या खोलीच्या दाराची बिजागरी मात्र वाजली.

६

नंतर तिला आठवायचं ते असं की ती पळून गेली नाही. ती सरळ आईकडे गेली, आतल्या दाराकडे पाठ करून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, आणि दातांनी डबा फाडला. मशीन आईच्या कानात बसवायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

आईचा चेहरा उजळला. “अगं, शिंप्याचं मशीन,” ती म्हणाली. “ऐकू येतंय.”

“आई,” चौकशीबाई म्हणाली. “मी आहे. माझा आवाज ऐक.”

“ऐकतेय की. घसा का दाटलाय तुझा?”

“आई, आपण आत्ता बाहेर जाऊ या.”

आई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिची मान किंचित तिरकी झाली, लेकीच्या खांद्यावरून मागे, जिथे आतलं दार होतं. तिला दिसणार काहीच नव्हतं, पण ती ऐकत होती. चौकशीबाईलाही काहीतरी ऐकू आलं, अगदी बारीक. ओल्या तोंडाची उघडझाप व्हावी तसं. ती वळली नाही. आईचे दोन्ही गाल तिने हातांत धरले आणि त्या चेहऱ्याकडेच बघत राहिली. त्या चेहऱ्यावरचं कुतूहल गेलं, मग रंग गेला, मग जणू सत्तर वर्षांत कधी न दिसलेली एक बाई त्यातून बघू लागली.

आईने आखडलेला हात कष्टाने कानापर्यंत नेला. मशीन ओढून काढलं. मांडीवर ठेवलं.

“चल,” ती म्हणाली. “चपला राहू देत.”

दोघी तशाच खाली उतरल्या. शिंप्याने आईला आपली खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकशीबाईने पाटी आणली नव्हती, म्हणून तिने आईच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली. काय ऐकलंस?

आई म्हणाली, “तू रोज घरात शिरताना ‘आई, आले गं’ म्हणतेस ना? ती तेच म्हणायला बघत होती. जमत नव्हतं तिला. पण शिकत होती.”

पुढे तिने त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. मशीनही पुन्हा कानात घातलं नाही. “आता ऐकायचं नाही मला,” एवढंच म्हणाली.

७

शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. सामान हमालांनी आणलं. चौकशीबाई त्या जिन्यावर पुन्हा चढली नाही. खात्यात सांगून तिने सकाळची पाळी मागून घेतली, म्हणजे दोन वाजता घरी जाता येई. कधी काम कमी असलं तर त्याच्याही आधी. जुन्या पत्त्यावरचं टपाल वळवायचा अर्ज तिने स्वतः भरून शाखेत पाठवला. संध्याकाळी ती आता आईचा हात धरून बसायची. पाटीशिवाय, कितीतरी वेळ. महिना गेला. तिला पुन्हा गाढ झोप लागायला लागली.

एका बुधवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, काटेकाका मुख्य कचेरीत थैल्या जमा करायला आले आणि तिच्या खिडकीशी थांबले.

“काय ताई, घसा कसा आहे आता?”

“घशाला काय झालंय?”

“काल बसला होता ना पार. शब्द जेमतेम फुटत होता. मी म्हटलं, गरम पाण्याच्या गुळण्या करा.”

ती काचेआडून बघत राहिली.

“जुन्या घरी हो,” काटेकाका म्हणाले. “मशीनच्या कंपनीचं एक पत्र होतं आईंच्या नावाचं. खरं तर वळवायचंच होतं, पण इमारतीखालून जात होतो तर तुमची खिडकी उघडी दिसली. म्हटलं, राहिलेलं सामान न्यायला आल्या असतील, कशाला दोन दिवस लावा. वर जाऊन दिलं. या खेपेला नकार नाही दिलात, बरं वाटलं.”

“मी काय बोलले, काका?”

“हेच की, टपाल वळवायला दिलेला पत्ता बरोबर आहे ना. मी म्हटलं, आहे. तर म्हणालात, वाचून दाखवा.” त्यांनी थैली खांद्यावर नीट केली. “मी वाचून दाखवला पत्ता. दोनदा वाचून घेतलात. मग म्हणालात, लक्षात राहील आता.”

ते सलाम करून निघून गेले. खिडकीसमोर एक माणूस पावती घेऊन उभा होता, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने फोन ओढला आणि नव्या घराचा नंबर लावला. आईला घंटी ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी लावला. नुसती वाजत राहिली तर बरं, एवढंच तिला हवं होतं.

चार वेळा वाजली. पाचव्या वेळी कोणीतरी उचलला.

पलीकडून कोणी बोललं नाही. पण खोलीतला आवाज येत होता, पंख्याचा, आणि पंख्याच्या पलीकडून आईचा, नेहमीसारखा, प्रेमळ.

“आज लवकर आलीस गं,” आई कोणाला तरी म्हणत होती.